रिकामी जागा आणि शुभेच्छुक

अक्षर, चित्र, रंग आणि रिकामी जागा या चार घटकांच्या मांडणीतून एखादा मजकूर पाहणाऱ्याच्या मनापर्यंत पोहोचविण्याची विद्या म्हणजे ग्राफिक डिझाइन, अशी व्याख्या या विषयाच्या पहिल्या तासाला सांगितली जाते आणि नांदेड किंवा लातूर येथील विद्यार्थी ती वहीत उतरवून घेतो. मात्र या चारांपैकी शेवटचा घटक मराठवाड्यात आढळत नाही, ही गोष्ट त्याला पहिली नोकरी लागल्यावर कळते.

या विद्येची महाराष्ट्रातील वंशावळ मोठी आहे. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत १९३५ साली व्यावसायिक कलेचा विभाग सुरू झाला, पुढे त्यातून स्वतंत्र संस्था उभी राहिली, आणि भिंतीवर टांगण्यासाठी चित्र न काढता साबण, सिनेमा किंवा कुटुंबनियोजन खपविण्यासाठी ते काढणे या उद्योगाला ‘उपयोजित कला’ असे भारदस्त नाव मिळाले. नांदेड-लातूरकडे ही विद्या दोन वाटांनी येते. एक वाट कला संचालनालयाच्या रीतसर पदविकांची आहे, जिच्यात विद्यार्थी ब्रश, पोस्टर कलर आणि पट्टी यांच्याशी काही वर्षे झगडतो. दुसरी वाट झेरॉक्सच्या दुकानाशेजारून वर जाणाऱ्या अरुंद जिन्याची आहे, जिच्या शेवटी कोरल, फोटोशॉप आणि इलस्ट्रेटर ही तिन्ही सॉफ्टवेअर काही महिन्यांत शिकविण्याची हमी देणारा क्लास असतो. दुसऱ्या वाटेने जाणाऱ्यांची गर्दी जास्त, हे सांगण्याची गरज नाही. मांडणीत दोनपेक्षा जास्त टंक, म्हणजे अक्षरांचे घाट, वापरू नयेत हा नियम या क्लासमध्ये पहिल्याच आठवड्यात शिकविला जातो, आणि त्याच क्लासच्या जिन्याखाली लावलेल्या पाटीवर तो एकाच ओळीत मोडलेला असतो, याचा उल्लेख अभ्यासकाने जाता जाता करून ठेवणे योग्य ठरेल.

लातूरमध्ये या क्लासचे स्थान विशेष अभ्यसनीय आहे, कारण त्याच्या डाव्या हाताला वैद्यकीय प्रवेशाची आणि उजव्या हाताला अभियांत्रिकी प्रवेशाची शिकवणी असते. ‘लातूर पॅटर्न’ या नावाने महाराष्ट्रभर ओळखल्या जाणाऱ्या शिस्तीचे सूत्र सराव परीक्षा, तिची उत्तरतालिका आणि मग आणखी एक सराव परीक्षा असे आहे; तीच हवा पीत मोठा झालेला विद्यार्थी जेव्हा बोधचिन्ह, म्हणजे लोगो, काढण्याच्या वर्गात येतो, तेव्हा तीन पर्याय काढून आणल्यावर तो शिक्षकांना अत्यंत प्रामाणिकपणे विचारतो, “सर, ह्यातलं बरोबर उत्तर कोणतं?” शिक्षकांनी तिन्ही उत्तरे बरोबर असू शकतात असे सांगितले, तर क्लासची फी वाया गेल्याचे दुःख पालकांच्या चेहऱ्यावर दिसते. चित्रकलेविषयी या पालकांचे मत वाईट नसते. शासकीय रेखाकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेत ‘ए’ श्रेणी मिळाल्यास दहावीला ७ गुण वाढीव मिळतात, आणि त्या ७ गुणांपुरता कलेचा आदर जिल्ह्यातील बहुतेक घरांत आढळतो. अडचण इतकीच, की ते गुण मिळाल्यानंतरही एखादा मुलगा रंगपेटी बंद करीत नाही.

गंमत अशी, की याच शिकवण्यांनी लातूरला स्वतःचा असा एक दृश्यप्रकार दिला आहे आणि कोणत्याही अभ्यासक्रमात त्याची नोंद नाही. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचा निकाल लागला, की वर्तमानपत्राचे पान आणि चौकातील फलक ओळखपत्राच्या आकाराच्या चेहऱ्यांनी भरून जातात; प्रत्येक चेहऱ्याखाली ७२० पैकी मिळालेले गुण असतात, आणि ते चेहऱ्याहून मोठे असतात. श्रेणीक्रम, म्हणजे पाहणाऱ्याचा डोळा आधी कुठे आणि नंतर कुठे जावा याची योजना, हे तत्त्व समजावण्यासाठी शिक्षक परदेशी मासिकांची पाने दाखवितात, तेव्हा खिडकीबाहेर त्याचे निर्दोष उदाहरण लटकत असते: पहिल्या रांगेतील चेहरा तळहाताएवढा, दुसऱ्या रांगेतील अर्धा, आणि शेवटच्या रांगेत चेहरा आहे की ठिपका हे केवळ त्या विद्यार्थ्याच्या आईलाच ओळखता येते. केंद्राकडून बाहेर जाणाऱ्या, म्हणजे अरीय, मांडणीसाठीही लातूरकराला पुस्तक उघडण्याचे कारण नाही. गंजगोलाईच्या गोलाकार बाजारपेठेला सोळा रस्ते येऊन मिळतात, आणि मध्यभागी जगदंबेचे मंदिर असल्यामुळे लक्ष कुठे वेधायचे याबद्दल संदिग्धता उरत नाही. संदिग्धता असते ती आल्या रस्त्याने परत कसे जायचे याबद्दल.

रंगाचा तास साधारणपणे दुसऱ्या महिन्यात येतो. १९१९ साली जर्मनीत स्थापन झालेल्या बाउहाउस या कलाशाळेत योहानेस इटेन यांनी शिकविलेले रंगचक्र विद्यार्थी बारा भागांत रंगवितो, आणि चक्रात समोरासमोर बसणारे रंग एकमेकांना उठाव देतात, हा नियम पाठ करतो. गल्लीत आल्यावर त्याच्या लक्षात येते, की इटेन यांनी रंगांचे तापमान सांगितले असले, तरी त्यांचे मालक सांगितलेले नाहीत. भगवा, निळा, हिरवा आणि पिवळा हे रंग येथे मोकळे नाहीत; प्रत्येकामागे एक पक्ष, एक समाज, एक जयंती आणि एक मिरवणूक उभी आहे, त्यामुळे किराणा दुकानाच्या पाटीला निव्वळ शोभेसाठी निळी पट्टी दिली, तरी दुकानदार ती बोटाने दाखवून विचारतो, की हे कशासाठी. “भगवा घ्या, पण त्यायचा नको, आपला घ्या,” अशी सूचना आली, की विद्यार्थ्याला संगणकावरील कोट्यवधी छटांचा खरा उपयोग कळतो. निरुपद्रवी म्हणून राहिलेला जांभळा रंग बिचारा सगळीकडे वापरला जातो, आणि ब्युटी पार्लरपासून पतसंस्थेपर्यंत सर्वांची ओळख एक होते.

तथापि या शिक्षणाचा गाभा फ्लेक्स हा आहे, आणि त्याच्याजवळ अधिक वेळ थांबणे क्रमप्राप्त आहे. फ्लेक्स म्हणजे प्लास्टिकच्या जाड पटावर यंत्राने छापलेला फलक. २००० नंतरच्या दशकात तो गावोगाव पोहोचला आणि पेंटरच्या हातची अक्षरे, कोपऱ्यातल्या ‘आर्ट्स’ने संपणाऱ्या सहीसकट, भिंतींवरून उतरली. फ्लेक्सचा हिशोब चौरस फुटावर होतो, आणि एवढ्या एका गोष्टीने मांडणीशास्त्राचा पाया हलतो. वर्गात विद्यार्थ्याला शिकविलेले असते, की मजकुराभोवती सोडलेली मोकळी जागा ही मजकुराइतकीच बोलकी असते आणि तिच्यामुळे वाचणाऱ्याला श्वास घेता येतो, हे तत्त्व मनात धरून तो पहिला फलक अर्धा मोकळा ठेवतो, गिऱ्हाईक तो पडद्यावर बराच वेळ न्याहाळते आणि म्हणते, “पैसे पुऱ्या फ्लेक्सचे घ्यायलाव, मग एवढी जागा रिकामी कामून सोडलाव?” या प्रश्नाला बाउहाउसकडे उत्तर नाही. शेतातले एक तास पडीक ठेवले तर ज्याला झोप लागत नाही, त्याने विकत घेतलेले चाळीस चौरस फूट श्वासासाठी सोडून द्यावेत, ही अपेक्षाच मुळात वेडगळ आहे.

वाढदिवसाच्या फ्लेक्सची रचना स्थिर आणि शास्त्रोक्त असते. सर्वांत वर महापुरुषांच्या छोट्या गोल प्रतिमा, त्यांच्याखाली राज्य पातळीवरचे नेते, त्यांच्याखाली जिल्ह्याचे, आणि मध्यभागी पांढऱ्या कपड्यांतील उत्सवमूर्ती, जिने एक तर हात जोडलेले असतात किंवा कानाला मोबाइल लावलेला असतो, जणू वाढदिवसाच्या दिवशीही कुणाचे तरी काम चालू आहे. नावाच्या आधी ‘कार्यसम्राट’, ‘युवा हृदयसम्राट’ अशी बिरुदे येतात. सम्राटांची एवढी दाटी निजामाच्या राज्यातही नसावी. नांदेड आणि लातूर या दोन्ही महानगरपालिकांची मुदत २०२२ मध्ये संपली आणि पुढची निवडणूक काही वर्षे लांबली, तेव्हा ‘भावी नगरसेवक’ हे जणू कायमचे पद झाले, आणि काही उत्सवमूर्तींनी ते एवढी वर्षे भूषविले, की कोणत्याही विद्यमानाला तेवढा कार्यकाळ मिळत नाही.

तळाला शुभेच्छुक असतात. शुभेच्छुक हा वरकरणी शुभेच्छा देणारा, परंतु व्यवहारात फलकाचा वर्गणीदार होय, हे विद्यार्थ्याला कळत नाही तोवर तो ‘गर्दी होते आहे, आठ-दहा चेहरे कमी करू या का’ असे निरागसपणे सुचवीत राहतो. चेहरा कमी करणे म्हणजे वर्गणी परत करणे, आणि शिवाय गावातल्या एका घराशी बोलणे बंद होणे. म्हणून चेहरे वाढतच जातात. प्रत्येकाचा फोटो व्हॉट्सअॅपवर येतो, तो येतानाच आक्रसलेला असतो, मागे लग्नाचा मांडव किंवा मोटारसायकल असते, आणि ती पार्श्वभूमी कापून केवळ मुंडके मोकळे करणे, ज्याला धंद्यात ‘फोटो कट करणे’ म्हणतात, हेच नव्या विद्यार्थ्याचे पहिल्या वर्षाचे काम असते. कानाजवळचे केस नीट कापले गेले नाहीत तर कुणी बोलत नाही. तालुकाध्यक्षाचे मुंडके जिल्हाध्यक्षाच्या मुंडक्यापेक्षा किंचित मोठे झाले, तर संध्याकाळी दुकानात माणसे येतात.

जर्मन मानसशास्त्रज्ञांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडलेला सान्निध्याचा नियम असा आहे, की जवळजवळ ठेवलेल्या वस्तू डोळ्याला एका गटाच्या वाटतात. मराठवाड्यातील फ्लेक्सच्या दुकानात हा नियम जून २०२२ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२३ मध्ये प्रत्यक्ष तपासला गेला. दोन मोठे प्रादेशिक पक्ष फुटले, जे चेहरे वर्षानुवर्षे शेजारी बसत होते ते एकाएकी शेजारी चालेनासे झाले, आणि गिऱ्हाइकाने तोंड उघडताच “कोणता गट?” असे विचारणे ही मांडणीची पहिली पायरी ठरली; शहाण्या दुकानदारांनी एकाच फलकाच्या दोन फाइली जपून ठेवल्या. हे सारे पाहून नाक मुरडणाऱ्या मंडळींची या शहरांत उणीव नाही. त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते, की दहा बाय आठ फुटांच्या आयतात पंचवीस-तीस चेहरे, त्यांची नावे, पदे आणि मानापमान यांसह असे बसविणे, की एकही माणूस दुखावला जाऊ नये, हा जाळीचा, म्हणजे उभ्या-आडव्या अदृश्य रेषांवर मांडणी बसविण्याचा, जगातील कठीण प्रश्नांपैकी एक आहे, आणि तो सोडविणाऱ्या पोराला कोणत्याही संस्थेने गुण दिलेले नाहीत. सार्वजनिक जागेचे विद्रूपीकरण रोखणारा राज्याचा कायदा १९९५ पासून आहे, उच्च न्यायालयाने बेकायदा फलकांवरून वेळोवेळी फटकारलेले आहे, आणि त्यामुळे फलक खाली उतरतातही. पण उतरलेला फ्लेक्स नंतर कडब्याच्या गंजीवर झाकण म्हणून पसरला जातो, आणि पावसाळाभर बैलांच्या वैरणीवर भावी नगरसेवक हात जोडून उताणे पडलेले असतात.

लग्नपत्रिका हा अभ्यासक्रमातला दुसरा मोठा पेपर. १९२८ साली यान चिखोल्ड या जर्मन मुद्रणकाराने सममित मांडणी, म्हणजे सगळ्या ओळी पानाच्या मध्यावर रचणे, ही जुनाट सवय असून ती सोडली पाहिजे असे आग्रहाने मांडले. त्याचा सारांश वाचून पेटलेला विद्यार्थी मावसभावाच्या पत्रिकेतला गणपती डाव्या कोपऱ्यात नेतो, ओळी एका बाजूला सरकवितो आणि दोन रंगांत पत्रिका संपवितो. आजोबा ती पत्रिका उलटसुलट करून बघतात व गणपती सरकला कसा, असे विचारतात. विद्यार्थ्याला न सांगितलेली गोष्ट अशी, की त्याच चिखोल्ड यांनी पुढे आपली मते सौम्य केली आणि १९४० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये पेंग्विनच्या पुस्तकांची घडण करताना ते मध्यावर रचलेल्या ओळींकडे परतले. तेव्हा नांदेडच्या वजिराबादेतील किंवा लातूरच्या गोलाईजवळील पत्रिका छापणारे, जे मध्यावरून कधी हललेच नव्हते, त्यांचा विजय झाला, फक्त त्यांना तो कुणी कळविला नाही. पत्रिकेतील खरी जोखीम मात्र सौंदर्याची नसते. ‘चि.’, ‘चि. सौ. कां.’, ‘श्री.’ आणि ‘कै.’ ही उपपदे बोटाच्या टोकाएवढी असतात, पण वीस-पंचवीस निमंत्रकांच्या यादीत एक ‘कै.’ एक ओळ खाली घसरला, तर ज्यांच्या आशीर्वादाने लग्न ठरले ते आजोबाच स्वर्गवासी होतात, आणि ते स्वतः दुकानात येऊन ही बाब निदर्शनास आणून देतात. अक्षरांमधले अंतर डोळ्याने जुळविणे, ज्याला कर्निंग म्हणतात, त्यावर महिनाभर घालविणाऱ्या अभ्यासक्रमाने मुद्रिते तपासण्यासाठी एक दिवसही ठेवलेला नसतो.

देवनागरी लिपी हे या शिक्षणातले सर्वांत खडतर व सर्वांत कमी शिकविले जाणारे प्रकरण आहे. पुस्तके रोमन लिपीसाठी लिहिलेली असल्यामुळे त्यांत अक्षरे खालच्या रेषेवर उभी असतात. देवनागरीची अक्षरे वरच्या शिरोरेषेला टांगलेली असतात, त्यांच्या डोक्यावर रफार आणि वेलांट्या, पायाशी उकार आणि जोडाक्षरांची अंगे, आणि ओळींमधले अंतर पुस्तकात सांगितल्याइतकेच ठेवले, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. रघुनाथ कृष्ण जोशी, ज्यांना सारे र. कृ. जोशी म्हणून ओळखत, त्यांनी आयुष्य भारतीय अक्षरांच्या घडणीत घालविले आणि मायक्रोसॉफ्टसाठी ‘मंगल’ हा टंक तयार केला. तो विंडोजच्या संगणकांत आपोआप मिळत आल्यामुळे शेकडो विद्यार्थ्यांनी दुसरा टंक कधी शोधला नाही, आणि दशक्रियाविधीची निमंत्रणेही मंगलमध्येच निघत राहिली. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची नावे अशी लिहिली, की जाहिरातीतले अक्षर पाहूनच नाटकाचा स्वभाव कळावा. विद्यार्थ्याला हे दाखविले, की तो भारावतो, घरी जातो आणि ‘साईकृपा मोबाईल शॉपी’ ही अक्षरे तलवारीच्या पात्यांतून घडवितो. लातूर या नावाच्या पहिल्याच अक्षरात आणखी एक पेच आहे: मराठी वळणाचा ‘ल’ पाकळीचा, हिंदी वळणाचा दंडाचा, आणि फुकट मिळणाऱ्या बहुतेक टंकांत दंडाचाच असल्याने शहराचे नाव शहरातल्याच अर्ध्या पाट्यांवर परप्रांतीय वळणाने लिहिलेले आढळते.

त्यातही जुने टंक आणि नवे टंक यांचा संसार एकत्र नांदत नाही. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीत अक्षर हे संगणकाच्या दृष्टीने केवळ चित्र होते. युनिकोड या जागतिक संकेतात प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. एका पद्धतीत टंकलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला, की विवाह सोहळ्याचे निमंत्रण स्वल्पविराम, कंस आणि डॉलरच्या चिन्हांनी भरलेले दिसते. यावर दुकानदारांनी शोधलेला उपाय एका वाक्यात मावतो, “फाइल कर्व्ह करून पाठवा,” म्हणजे अक्षरांचे अक्षरपण काढून त्यांना निव्वळ रेषाकृती करून टाका, मग ती कुठेही फुटत नाहीत. ती सुधारताही येत नाहीत. छपाईला जाण्याच्या क्षणी मुलीच्या मामांच्या नावातला दीर्घ ऊकार ऱ्हस्व हवा असल्याचे लक्षात येते, तेव्हा विद्यार्थी दुसऱ्या ओळीतला एक ऱ्हस्व उकार कापून, उचलून, तिथे चिकटवितो, आणि या शस्त्रक्रियेला कोणत्याही पुस्तकात नाव नाही.

नांदेडच्या विद्यार्थ्याला लातूरकराला नसलेली एक समृद्धी लाभलेली आहे. १७०८ साली गुरू गोविंदसिंग यांचे देहावसान जिथे झाले, त्या तख्त सचखंड श्री हजूर साहिबच्या परिसरात पाट्या गुरुमुखीत आहेत. निजामी राजवटीचा वारसा म्हणून जुन्या वस्त्यांत उर्दू आहे. देगलूर-धर्माबादकडे तेलुगू लिपी सुरू होते. आणि मराठी व इंग्रजी तर आहेतच. यात्रेकरूंसाठीच्या लॉजचा फलक हा वर्गातला प्रकल्प सोपा वाटतो, पण त्यात देवनागरी आणि गुरुमुखी वरून लटकतात, रोमन खाली उभी राहते, उर्दूची नस्तालिक अक्षरे उजवीकडून निघून तिरपी घरंगळत डावीकडे येतात, आणि तेलुगूचा गोलावा कुणालाच रांग धरू देत नाही. शिवाय दुकाने व आस्थापनांच्या कायद्यात मार्च २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार मराठी अक्षरे इतर कोणत्याही लिपीपेक्षा लहान असता कामा नयेत. विद्यार्थी कायदा पाळतो आणि मराठी सर्वांत मोठी करतो. लॉजमालक म्हणतो, की उतरणारे सगळे पंजाबातून येतात. दोघांचे समाधान करण्यासाठी फलकाची उंची वाढते, आणि ती वाढली की चौरस फुटाचा हिशोब पुन्हा सुरू होतो. याच नांदेडमध्ये पीपल्स कॉलेजात शिकविणाऱ्या नरहर कुरुंदकरांनी ‘रूपवेध’ लिहिले आणि सौंदर्यशास्त्रावर महाराष्ट्राला चर्चा करायला लावली. डिझाइनच्या क्लासात त्यांचे नाव निघत नाही, आणि कुरुंदकरांची जयंती किंवा पुण्यतिथी आली, की त्यांच्या फोटोभोवती फुलांची तयार चौकट लावण्याचे काम मात्र निघते.

सामाजिक जाहिरात हा प्रकल्प सगळ्या विद्यार्थ्यांना करावा लागतो आणि विषय ठरलेला असतो, पाणी वाचवा. दरवर्षी येणाऱ्या चित्रांत एक नळ असतो, त्यातून एक थेंब पडत असतो, आणि त्या थेंबात पृथ्वी असते. लातूर शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्याआधीच्या महिन्यात पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावण्याची वेळ आली, आणि त्या उन्हाळ्यात शहरातल्या नळाला थेंब येणे हीच बातमी होती. तरीही त्या शहरातला विद्यार्थी इंटरनेटवरून उतरविलेला पितळी, बहुधा परदेशी नळ काढतो; घराघरासमोरचे निळे पिंप, टँकरचा पाइप, रेल्वेच्या वाघिणींची रांग यांपैकी काहीही त्याच्या चित्रात येत नाही, कारण ते त्याने पाहिलेले असते आणि पाहिलेल्या गोष्टीला तो डिझाइन मानीत नाही. शेतकऱ्याचेही तसेच. उतरवून घेतलेल्या शेतकऱ्याच्या डोक्यावर पंजाबी पगडी किंवा गवताची हॅट असते आणि मागे गहू डोलत असतो. सोयाबीनच्या शेतात पटका बांधून उभे असलेले वडील त्याने काढून पाहावेत, असे त्याला कुणी सांगितलेले नसते. शिक्षणातला हा दोष मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. लातूर जिल्ह्यातल्या निलंग्यात शिवजयंतीला शेतात बियाणे उगवून महाराजांची काही एकरांची प्रतिमा साकारली गेली, तेव्हा पिक्सेल, म्हणजे चित्राचा सर्वांत छोटा ठिपका, हा अंकुराच्या आकाराचाही असू शकतो, हे जिल्ह्याला दिसले. वर्गात त्याच आठवड्यात पिक्सेलची व्याख्या तोंडपाठ करून घेतली जात असल्यास आश्चर्य वाटू नये.

वेष्टनाचा, म्हणजे पाकिटाच्या रचनेचा, प्रकल्प तुलनेने नवा आहे. लातूर जिल्ह्यातील बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच आणि कास्तीची कोथिंबीर यांना भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट ठिकाणच्या उत्पादनाला मिळणारे कायदेशीर संरक्षण, लाभल्यापासून डाळीचे पाकीट काढायला देणे शिक्षकांना सोयीचे झाले आहे. हुशार विद्यार्थी पांढऱ्या पाकिटावर मधोमध एकच पिवळा दाणा काढतो. पाकीट खरोखर सुंदर दिसते. त्यावर वजन, कमाल किंमत, पॅकिंगचा महिना, शाकाहाराची हिरवी खूण आणि अन्नपरवान्याचा चौदा आकडी क्रमांक बसवायचा राहून गेलेला असतो, आणि डाळमिलचा मालक ते नम्रपणे सांगतो. सगळे बसवून झाल्यावर तो पाकिटाकडे पुन्हा बघतो व म्हणतो, की आता बायकोचा फोटो बसेल का, कारण डाळ तिच्या नावाची आहे. विद्यार्थी तो बसवितो, आणि पाकिटे चांगली खपतात.

वर्षाअखेरच्या प्रदर्शनात भिंतीवर पांढरे पाकीट आणि नळाचा थेंब लागतो. बाजूच्या संगणकात दडलेले सातशे-आठशे फ्लेक्स, ज्यांवर त्या विद्यार्थ्याने क्लासची फी भागविली, त्यांतला एकही लागत नाही. परीक्षकांनी ते पाहण्याचा आग्रह धरावा, निदान एक फ्लेक्स आणि एक पत्रिका यांना परीक्षेत गुण ठेवावेत, असे या लेखकाचे मत आहे. तोवर नांदेड आणि लातूरच्या वाचकांना विनंती एवढीच: फोटो पाठविताना तो डॉक्युमेंट म्हणून पाठवावा म्हणजे आक्रसत नाही, मजकूर फोनवर सांगू नये, ‘दोन मिनिटांचं काम आहे’ हे वाक्य डिझायनरसमोर उच्चारू नये, आणि पत्रिका छपाईला सोडण्यापूर्वी सगळे ‘श्री.’ आणि ‘कै.’ घरातल्या वडीलधाऱ्यांकडून, ते हयात असेपर्यंत, एकदा तपासून घ्यावेत.